घडीचा रस्ता

किल्लीबाई जिना चढू लागली की आधी किल्ल्या ऐकू येत आणि मग ती दिसे. गळ्यातल्या जाड दोरीला भला थोरला जुडगा, त्यातल्या निम्म्या किल्ल्यांची कुलपं केव्हाच मोडीत निघालेली. पण टाकून देणं तिच्या रक्तात नव्हतं. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची जुन्या ग्रंथांची खोली तिच्या ताब्यात होती. तिथे जायचं तर आधी अर्ज, मग हात धुणं, मग हातमोजे आणि मग तिची नजर. बरीच माणसं नजरेपर्यंत पोचून परत फिरत. उरलेल्यांना ती पुस्तक दाखवी. दाखवीच फक्त, हातात द्यायची नाही. पान स्वतः उलटायची, आणि समोरच्याचं वाचून व्हायच्या आतच उलटायची.

तिला खाष्ट म्हणणारे पुष्कळ होते, पण वाचनालयात येणारी माणसं कशी असतात ते बघितलेल्यांनी तरी तिला नावं ठेवू नयेत. पानाचा कोपरा दुमडणारे, अंगठ्याला थुंकी लावणारे, खूण म्हणून डोक्यातली पिन खुपसून ठेवणारे. एका सभ्य, सुशिक्षित गृहस्थांनी तर खिडकी आपटते म्हणून शब्दकोशाचा एक खंड अख्खा हिवाळा तिच्या फटीत अडकवून ठेवला होता, आणि परत करताना वर म्हणाले, "थोडा फुगलाय, पण आतलं सगळं शाबूत आहे." अशांशी तिने उभं आयुष्य टक्कर दिली. लग्न केलं नाही. का नाही केलं, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

तिच्या खोलीच्या बरोबर खाली बालविभाग होता आणि तो होता तिच्या वहिनीकडे. वहिनी म्हणजे सख्ख्या थोरल्या भावाची बायको. वाचनालयात जागा निघाल्याची बातमी किल्लीबाईनेच एकदा जेवताना घरी सांगितली होती, आणि त्याबद्दल ती पुढे जन्मभर स्वतःला कोसत आली. कारण वहिनीचा कारभार सगळा उघडा. कपाटांना दारंच नाहीत. पुस्तकं जमिनीवर, खिडकीत, मुलांच्या पोटाखाली. वरून किल्लीबाई ओरडायची, खालून वहिनी हसायची, आणि संध्याकाळी दोघी एकाच छत्रीतून एकाच घरी जायच्या, कारण घर एकच होतं.

घरीही तेच. चांगले कप किल्लीबाईने कपाटात कुलपात घातलेले, पाहुण्यांसाठी. पाहुणे येत नसत, कारण आले की वहिनी त्यांना रोजच्याच कपांतून चहा द्यायची. "किल्ली मागायला वन्संपाशी कोण जाईल?" दादा, म्हणजे किल्लीबाईचा भाऊ, आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेला. दोन बायकांच्या मधोमध बसून वर्तमानपत्र वाचण्याची कला त्याने बसमध्येच कमावली असावी. बहिणीला तो अजून 'चिमणे' म्हणायचा. जिच्या नजरेला प्राध्यापक घाबरत तिला चिमणे म्हणणारा जगात हा एकटाच.

आता त्या घडीच्या रस्त्याविषयी सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्याच्यावरून झालं.

गावातला मुख्य रस्ता रुंद करायचं ठरलं तेव्हाची गोष्ट. दोन्ही बाजूंची घरं पडणार होती. शाळेत एक चित्रकलेचे मास्तर होते. त्यांनी पाडकाम सुरू होण्याआधी रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक घर रंगवून काढलं. दारं, खिडक्या, पाट्या, दोरीवरचे कपडे, पायरीवर बसलेली माणसं, सगळं. कागदाच्या पट्ट्या कापडावर चिकटवून त्यांनी एकच लांबलचक पट्टी केली आणि तिला घड्या घातल्या. मिटली की जाडजूड वही, उलगडली की पूर्ण रस्ता. मास्तर रंग थापायचे जाड. चित्रावरून हात फिरवला तर खिडकीची चौकट बोटाला लागावी इतका जाड. गाव त्याला 'घडीचा रस्ता' म्हणू लागलं. खरा रस्ता रुंद झाला, मोटारी धावू लागल्या, मास्तर गेले, आणि जुना रस्ता वाचनालयात राहिला.

किल्लीबाई आणि दादा यांचं जन्मघर त्याच रस्त्यावर होतं. हिरव्या खिडकीचं. त्यांच्या घरासमोर मास्तरांनी एक गाढवही काढलं होतं, धोब्याचं, आणि त्या गाढवावरून भावाबहिणीत कायमचा वाद.

"ते आपल्या दारात उभं आहे," दादा म्हणे.

"शेजारच्यांच्या दारात आहे. आपल्या दारात कधी गाढव नसायचं."

"अगं, रोज असायचं! मी त्याला पाव घालायचो."

"म्हणून ते तुझ्या लक्षात राहिलं. एकमेकांना ओळखत होतात."

पुढे एका जुन्या ग्रंथपालांच्या डोक्यात चांगला विचार आला. मूळ पट्टी जपून ठेवायची आणि लोकांना बघायला छापील प्रत करून घ्यायची. मूळ पट्टी मोठ्या छापखान्यात पाठवली. त्यांनी छपाई उत्तम केली. तशाच कापडावर चिकटवली, तशाच घड्या घातल्या, आणि जास्तीचा उत्साह म्हणून दोन्हींना एकसारखे निळे पुठ्ठे चढवून परत पाठवल्या. ग्रंथपालांनी टेबलावर दोन्ही ठेवल्या. एक थोडी मळकट होती, दुसरी स्वच्छ, नवीकोरी. "ही चांगली आहे ती लोखंडी कपाटात," ते म्हणाले, "आणि ही मळकी मुलांना." नवी नवी नोकरीला लागलेली किल्लीबाई चांगली प्रत छातीशी धरून वर घेऊन गेली. वाचणाऱ्याच्या डोक्यात आता जे आलं ते त्या दिवशी त्या खोलीत कुणाच्याही डोक्यात आलं नाही. चांगलं ते कपाटात आणि मळकं ते वापरायला, हा हिशेब घरोघरी चालतो. तो ग्रंथपालही कुठल्या तरी घरातलाच होता.

तेव्हापासून किल्लीबाईने ती प्रत डोळ्यांत तेल घालून सांभाळली. डांबरगोळ्या, मलमलीचं वेष्टन, पडदे कायम ओढलेले. बघायला येणाऱ्याला काचेखालून, हातभर अंतरावरून. स्वतः हात लावायची तो हातमोजे घालूनच. इतक्या वर्षांत तिच्यावर ओरखडा उठला नाही, की रंग फिका पडला नाही. "बघा, जपलं की कसं राहतं," ती प्रत्येक नव्या ग्रंथपालाला ऐकवायची.

खाली बालविभागात दुसरी पट्टी रोज दुपारी जमिनीवर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत उलगडली जाई आणि तिच्या दोन्ही अंगांना मुलं पालथी पडत. कुणाची आजी कुठे राहायची ते शोधत. कोण्या एका पिढीतल्या कुणीतरी घड्याळजीच्या छपरावर पेन्सिलीने एक मांजर काढून ठेवलं होतं. नवं मूल आलं की त्याला आधी ते मांजर शोधून दाखवावं लागे. आणि एक खेळ होता. डोळे मिटायचे, कुणीतरी आपलं बोट धरून पट्टीवर ठेवायचं, आणि बोटाने चाचपून सांगायचं: हे कुणाचं घर? मुलं धडाधड ओळखायची. पावाची भट्टी, न्हाव्याची पाटी, दवाखान्याचा कठडा.

या खेळाचं नाव काढलं की किल्लीबाईचं डोकं उठायचं. "बोटं घासतात? कागदावर? आणि तुम्ही बघत बसता?"

"बघत नाही, मीही खेळते," वहिनी म्हणायची. "तुमचं घर मला पहिल्या फटक्यात येतं."

खरं तर वहिनीचा विभाग दिसायचा तितका बेबंद नव्हता, आणि त्याला कारण किल्लीबाईच. दाराशी हात धुवायची मोरी तिने भांडून बांधून घेतली होती. हात धुतले की नाही हे वहिनी वास घेऊन बघे, कारण एकदा किल्लीबाईने तसा वास घेऊन तिला सगळ्यांदेखत पकडलं होतं. घडी फाटली म्हणून वहिनीने सुरुवातीला चिकटपट्टी लावली, तर किल्लीबाई तिच्या टेबलावरची सगळी रिळं उचलून कचऱ्यात टाकून आली. "ही चिकटपट्टी दहा वर्षांत पिवळी पडून कागद खाते. गव्हाच्या पिठाची खळ करा, पातळ कागद घ्या, आणि तोही फाडून घ्या, कापून नाही!" मग शेजारी उभी राहून तिने तिला खळ शिजवायला शिकवली आणि गुठळ्या झाल्या म्हणून तीनदा ओतायला लावली. वहिनी रडकुंडीला आली, पण शिकली. "छापील प्रतीसाठी एवढं?" तिने विचारलं होतं. "प्रश्न पट्टीचा नाही, सवयीचा आहे," नणंद म्हणाली. दोघींचं आयुष्य असं मजेत चाललं होतं.

आणि वरून हुकूम आला.

राजधानीतल्या मोठ्या संग्रहालयाने थंडगार हवेचं, आगीपाण्यापासून सुरक्षित असं भांडार बांधलं होतं. गावोगावच्या वाचनालयांत ज्या एकमेव मूळ वस्तू नुसत्या कपाटांत पडून आहेत त्या तिथे हलवायच्या, कायमच्या. यादीत घडीचा रस्ता होता. परीक्षक येऊन तपासणार आणि घेऊन जाणार.

किल्लीबाईने ग्रंथपालांच्या खोलीत ते ऐकलं, "योग्य आहे," असं म्हणाली आणि वर जाऊन पडदे ओढलेल्या खोलीत बसून राहिली. योग्य होतंच. तिने आयुष्यभर जे मागितलं तेच ते करणार होते, तिच्याहून चांगलं. मग वाईट कशाचं वाटत होतं?

घरी वहिनीने बोलायची संधी सोडली नाही. "इतकी वर्षं तुम्ही तो आमच्यापासून जपलात वन्सं. आता ते तुमच्यापासून जपणार."

एरवी याला चोख उत्तर आलं असतं. किल्लीबाई ताटावरून उठून गेली. वहिनीचा चेहरा पडला. दादाने वर्तमानपत्र खाली ठेवलं, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"चिमणे," तो दाराबाहेरून म्हणाला, "तिकडे जाऊन बघता येईल ना आपल्याला?"

"येईल. अर्ज करून, परवानगी मिळाली तर, काचेखालून." आणि मग, थोड्या वेळाने, आतून: "मी त्यांच्या जागी असते तर तेवढंही दाखवलं नसतं."

परीक्षक आला तो तरुण निघाला. गुळगुळीत दाढी केलेला, नम्र, खांद्याला कातडी पिशवी. किल्लीबाईने त्याच्या नखांकडे पाहिलं. स्वच्छ होती. तिथेच तिची निम्मी हवा गेली. नखं काळी असती तर भांडता तरी आलं असतं.

"आधी हात कुठे धुता येतील?" त्याने विचारलं.

तिने मोरी दाखवली आणि हातमोजे पुढे केले.

"मोजे नकोत बाई. आता कागदाला आम्ही मोजे घालत नाही. मोज्यात बोटाला कागद कळत नाही, आणि मग फाटतो. धुतलेले, कोरडे हात बरे."

आयुष्यभर लोकांना मोजे घालायला लावले आणि आता हे पोर सांगतंय मोजे नकोत! तिने ते मोजे स्वतःच्याच हातांत चढवले. कपाट उघडलं, मलमल सोडली, वही टेबलावर ठेवली. परीक्षकाने पहिली घडी उलगडली. उघडं बोट कडेवरून हळूच फिरवलं. थांबला. पडदा सरकवायची परवानगी मागितली. मग पिशवीतून भिंग काढून त्याने ते घड्याळजीच्या दुकानावर धरलं आणि बराच वेळ वाकून राहिला.

"बाई," तो अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "तुम्ही एकदा बघता का?"

तिने भिंगाला डोळा लावला. घड्याळजीच्या निळ्या दारात रंग नव्हताच. ठिपके होते. निळे, लाल, पिवळे, मुंग्यांसारखे रांगेने बसलेले ठिपके. तिने दुसरी घडी बघितली. ठिपके. आपली हिरवी खिडकी बघितली. ठिपके.

"ही छापील प्रत आहे," परीक्षक म्हणाला. "छपाई सुंदर आहे. आणि राखली आहे, अशी राखलेली छापील प्रत मी कुठे पाहिली नाही." त्याला खरंच तिचं मन राखायचं होतं, पण तिच्या जखमेवर यापेक्षा जास्त मीठ कुणालाच चोळता आलं नसतं. "मूळ पट्टी मग कुठे असेल? काही कल्पना?"

किल्लीबाईने मोजा काढला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने त्या कागदावर उघडं बोट ठेवलं. काचेसारखा गुळगुळीत. चौकट नाही, कठडा नाही, काही नाही. आणि तेवढ्यात खालून, जमिनीतून आल्यासारखा, मुलांचा कल्ला आला: "भट्टी! भट्टी! बरोबर!"

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते तिला त्या क्षणी कळलं. डोळे मिटून बोटाने ओळखतात. हे ती किती वर्षं ऐकत होती? रोज ऐकत होती! कानांनी ऐकत होती, जिन्यावरून ओरडत होती, आणि एकदाही डोक्यात शिरलं नव्हतं की छापील कागदावर बोटाला लागणार काय, कपाळ?

"बाई? पाणी आणू का?"

"नको." तिने काढलेल्या मोज्याची घडी घातली. 'कल्पना नाही' एवढं म्हटलं असतं की पोरगा वहीत 'गहाळ' असं लिहून निघून गेला असता, आणि रस्ता गावात राहिला असता. कुणाला कळलं नसतं. पण मग तो तसाच बोटांखाली झिजत गेला असता, छापील समजून, एक ना एक दिवस कुणीतरी जुनाट झाला म्हणून रद्दीत घातला असता. आणि सांगितलं तर हा आत्ता, इथून, पिशवीत घालून नेणार. तिला दोन्ही सहन होण्यासारखं नव्हतं. पण ठेवणीतल्या वस्तूबद्दल खोटं बोलणंही तिला कधी जमलं नव्हतं, आणि म्हातारपणी नव्या गोष्टी शिकायला तिला वेळ नव्हता.

"चला," ती म्हणाली. "जोडे मात्र खाली काढावे लागतील."

बालविभागात रस्ता उलगडलेला होता. मुलांनी वर पाहिलं आणि किल्लीबाई खाली उतरलेली बघून सगळी चिडीचूप झाली. वहिनी मध्येच गुडघ्यांवर बसली होती, डोळे मिटून, एक बोट कागदावर.

"वहिनी, बोट उचला," किल्लीबाई म्हणाली. तिचा आवाज असा काही आला की वहिनीने मुकाट्याने उचललं. "हळू. आणि ऐका. तुमच्याकडची खरी आहे."

"खरी म्हणजे?"

"खरी म्हणजे मास्तरांनी रंगवलेली. माझ्याकडची छापील. मी इतकी वर्षं छापील कागदाला डांबरगोळ्या घातल्या." एवढं बोलून ती खुर्चीवर बसली. खुर्ची मुलांची होती, त्यामुळे गुडघे हनुवटीला लागले.

वहिनीने तोंड उघडलं. आयुष्यात इतका मोठा टोमणा कुणी कुणाच्या हातात आयता दिला नसेल. पण नणंदेचा चेहरा बघून तिने तोंड पुन्हा मिटलं. हा मोठेपणा तिने फार तर दोन दिवस टिकवला, पण त्या वेळी टिकवला हे खरं.

परीक्षक पालथा पडून भिंग फिरवत होता. मुलं त्याच्या शेजारी पालथी पडली. एकीने त्याला मांजर दाखवलं. "हे मूळचं नाही," तो म्हणाला. "मूळचंच आहे," ती ठणकावून म्हणाली, "माझ्या आईच्या वेळेपासून आहे." मग त्याने घड्या उलटून मागचं कापड पाहिलं, सांधे पाहिले, उठून बसला.

"ही डागडुजी कुणी केली?"

"मी," वहिनी म्हणाली. "यांच्या शिव्या खाऊन."

"खळ? गव्हाची?"

"गुठळ्या न होऊ देता."

"कुठेही चिकटपट्टी नाही, तेलकट डाग नाहीत..." तो स्वतःशीच बोलत होता. "मी मुलांच्या हातातलं पुस्तक म्हटल्यावर चिंध्या बघायची तयारी करून उतरलो होतो. कागद दमलाय, तीन-चार ठिकाणी रंग झिजलाय. पण चांगली आहे. इतकी चांगली कशी?"

"धुतलेले हात," वहिनी म्हणाली. "ही मोरी आमच्या वन्संनी भांडून बांधून घेतली. मला वाटायचं माझा छळ करायला."

"छळ करायलाच," किल्लीबाई बसल्या जागेवरून म्हणाली. "पण मोरी हवीच होती."

मग ती उठली आणि जे विचारायचं ते विचारून टाकलं. "म्हणजे आता ही नेणार तुम्ही."

परीक्षकाने पिशवीतून हुकमाचा कागद काढला, वाचला, पुन्हा वाचला. "कपाटात पडून असलेल्या मूळ वस्तू, असं म्हटलंय. ही वस्तू लोकांच्या नेहमीच्या वापरात आहे?"

वहिनीने नणंदेकडे पाहिलं. वापर हा शब्द त्या बाईच्या तोंडून आजवर शिवीसारखाच आला होता.

"रोज!" किल्लीबाई गरजली. "रोज दुपारी उलगडते. एक दिवस खाडा नाही. मी वरून ऐकते ना, डोकं उठतं माझं! विचारा या कार्ट्यांना!"

कार्ट्यांना विचारायची गरज पडली नाही. ती सगळी एकदम बोलू लागली.

"मग ही माझ्या हुकमात बसत नाही," परीक्षक म्हणाला, आणि तोही हसत होता. "वरच्या कपाटात असती तर आज न्यावीच लागली असती. पण बाई, एक सांगतो. ही अशी आणखी पन्नास वर्षं बोटं सोसणार नाही. ठेवा इथेच, उघडीच ठेवा, पण ज्याला जपणं कळतं असं माणूस हिच्या शेजारी बसू दे. वरच्या मजल्यावर नाही."

दुसऱ्या आठवड्यात किल्लीबाईचं टेबल खाली आलं. जिन्यावरून ते उतरवताना दादाने 'डावीकडे घ्या, डावीकडे' असं बस मागे घेतल्यासारखं ओरडून सगळ्यांना वैताग आणला. खालच्या खिडक्यांना आता पातळ पडदे आले, आणि त्यावरून नणंद-भावजयीचं जे जुंपलं ते अजून मिटलेलं नाही. पट्टी उलगडली की तिच्या दोन्ही कडांना मऊ कापडाच्या गुंडाळ्या, कोपर टेकायला. छापील प्रत वरच्या कपाटातून बाहेर निघाली आणि घरोघरी जाऊ लागली, ज्यांना जिना, रस्ता काही झेपत नाही अशा म्हाताऱ्यांकडे. पहिल्यांदा ती परत आली तेव्हा पुठ्ठ्यावर चहाचं वर्तुळ होतं. किल्लीबाईने ते पाहिलं, दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाली, "बघितलं म्हणायचं कुणीतरी." वहिनी दोन दिवस हे वाक्य सगळ्यांना सांगत फिरली. त्याच संध्याकाळी घरात चांगले कप बाहेर निघाले. कुलूप कुणी काढलं ते सांगायला नको, किल्ली एकाच गळ्यात होती.

खेळाचं काय, हा खरा पेच होता. परीक्षकाचं म्हणणं, बोट रंग खातं. मुलांचं म्हणणं, मग आम्ही येणारच नाही. किल्लीबाईने रात्रभर विचार करून नियम केला. खेळ महिन्यातून एक दिवस, दर वेळी एकाच, पण वेगळ्या घडीवर, आणि प्रत्येकाला एकदाच, एकाच बोटाने. चुकलं तर चुकलं. घासायचं नाही, टेकवायचं. नियम तिने मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावला. मुलांनी कुरकुर केली, पण मग झालं असं की महिन्याच्या त्या दिवशी बालविभागात पाय ठेवायला जागा उरेना. मोठी माणसंही रांगेत येऊ लागली. आपल्या घराची घडी कधी येणार याची लोक चौकशी करू लागले.

हिरव्या खिडकीची घडी आली त्या दिवशी दादाही आला, दाढी करून. किल्लीबाई रांगेत उभी राहिली, दोन मुलींच्या मागे. तिने तीनदा हात धुतले होते. आजवर तिने आपलं घर शेकडो वेळा पाहिलं होतं, काचेखालून, मोज्यातून, तेही ठिपक्यांचं. खिडकीचा प्रत्येक गज तिला पाठ होता. तिच्यापुढची पोरगी 'पानपट्टीची पाटी' म्हणून चुकली, तेव्हा किल्लीबाई मनातल्या मनात हसली.

तिची पाळी आली. ती गुडघ्यांवर बसली, डोळे मिटले. वहिनीने तिचं बोट धरून अलगद टेकवलं.

रंग थंड होता आणि जाड. मास्तरांच्या कुंचल्याचा एकेक केस लागत होता. एक उभी रेघ, तिच्याशेजारी दुसरी, वर गोलसर फुगवटा. बोटाखाली खरंच काहीतरी होतं, मऊसर, उंच. गज. हे गज. आणि वर ती कमान.

"आमचं घर," ती म्हणाली. "आमची खिडकी."

मग एका कोपऱ्यातून फिस्स झालं आणि सगळी खोली फुटली.

"मावशी, ते गाढव आहे!"

तिने डोळे उघडले. बोट गाढवाच्या पायांवर होतं. हिरवी खिडकी तिथून चांगली चार बोटं लांब होती.

"म्हणजे आपल्या दारातच होतं!" दादा रांगेतून ओरडला. "मी काय म्हणत होतो? कबूल केलं तिने! सगळ्यांनी ऐकलं ना?"

किल्लीबाईला हसू आवरेना. हसता हसता तिचे डोळे भरले. गळ्यातला जुडगा छातीवर खुळखुळत होता. डोळे पुसून तिने पुन्हा मिटले आणि बोट पुढे केलं. "थांबा. आता सांगते बरोबर. परत ठेवा."

वहिनीने तिचा हात धरला आणि तिच्या मांडीवर परत ठेवून दिला.

"एकदाच, वन्सं. चुकलं तर चुकलं." तिने भिंतीकडे हनुवटी केली. "नियम तुमचाच आहे. उठा आता, मागे लोक खोळंबलेत."